आयुक्त साहेब, अर्जातला सातवा मुद्दा तुम्ही वाचलाय का?

प्रति,
मा. आयुक्त,
तसेच क्रीडा विभागातील सर्व संबंधित अधिकारी

विषय : मैदानाच्या पासाचा अर्ज, मुद्दा क्र. ७, आणि सकाळी सहा ते साडेआठची वेळ

सा. न. वि. वि.

मी रस्त्यापलीकडचा झेरॉक्सवाला. पालिकेच्या मुख्य दरवाजातून बाहेर पडलं की समोर वडाखाली जो गाळा दिसतो, तो माझा. जन्मदाखले, घरपट्टीच्या पावत्या, टेंडरचे गठ्ठे, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळं माझ्या काचेवरून जातं. आपली ओळख नाही, पण तुमची सही मी दहा फुटांवरून ओळखतो.

गेल्या महिन्यात क्रीडा विभागाचा शिपाई एक कोरा अर्ज घेऊन आला. म्हणाला, पाचशे काढून ठेवा, लोक मागायला येतील. मी काढले. दोन रुपयांना एक. झेरॉक्सवाल्याला कागद वाचायची सवय नसते, तो फक्त कागद सरळ आलाय का आणि कडा कापली नाही ना एवढंच बघतो. दोन-अडीचशे अर्ज विकून झाल्यावर माझ्या स्वतःच्या पासासाठी एक भरायला घेतला, तेव्हा सातवा मुद्दा वाचला :

"मला फिट्स, हृदयविकार, संसर्गजन्य त्वचारोग, वेड अथवा कोणताही मानसिक आजार नाही. तसे आढळून आल्यास माझा पास रद्द करण्यास माझी हरकत नाही."

माझी हरकत आहे. म्हणून हे पत्र. ते तुम्हाला उद्देशून असलं तरी उघड लिहितोय, कारण त्या खिडकीवर जे झालं तेही उघड्यावरच झालं.

मला बायपोलर आहे. पुस्तकात त्याला द्विध्रुवीय भावनिक विकार म्हणतात, पण आमच्यात कुणी एवढं लांब नाव घेत नाही. शेजारचा पानवाला जसं 'मला शुगर आहे' म्हणतो, तसं मी 'मला बायपोलर आहे' म्हणतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एका टोकाला उन्माद, म्हणजे मेनिया, दुसऱ्या टोकाला खोल नैराश्य, आणि मध्ये, औषधं नीट चालू असली तर, महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षं तुमच्यासारखंच साधं आयुष्य. मी गेली कित्येक वर्षं त्या मधल्या पट्ट्यात आहे. तुमच्या कार्यालयाचे लाखो कागद मी ह्याच पट्ट्यात राहून काढलेत आणि एकही उलटा लावला नाही.

२००९ चा उन्हाळा मात्र वेगळा होता. दुकानात एक मशीन होतं, मी कर्ज काढून आणखी तीन आणली. ठेवायला जागा नव्हती, दोन घरच्या गॅलरीत ठेवली. रात्री दोन-अडीच तास झोपायचो आणि पहाटे तीनला उठून हायवेच्या टोलनाक्यापर्यंत पळत सुटायचो, पायांत चपला असल्या तरी. आळीतले लोक बायकोला म्हणायचे, वहिनी, काय फिटनेस आहे साहेबांचा! माझा फोटो काढून व्यायामावरच्या सुविचाराखाली फिरवलाही कुणीतरी. तो फिटनेस नव्हता, आजार चढत होता. सातव्या आठवड्यात मला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यानंतरचे आठ महिने मी पलंगावरून संडासापर्यंत जायलाही बायकोचा हात धरत होतो.

हे सांगायचं कारण असं की व्यायाम म्हणजे सगळ्या दुखण्यांवर रामबाण, असं मी म्हणणार नाही. बायपोलरमध्ये व्यायाम हा गोळ्यांच्या जागी येत नाही. तो गोळ्यांच्या शेजारी बसतो. नैराश्यात त्याचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. खास बायपोलरवरचा अभ्यास त्या मानाने कमी आहे, आणि उन्माद चढत असताना जास्तीचा व्यायाम आगीत तेल ओतू शकतो. माझ्या बाबतीत ओतलं. पण म्हणून तो सोडून चालत नाही, त्याचंही कारण सांगतो.

ज्या गोळ्यांनी आम्हाला ताळ्यावर ठेवलं त्यांतल्या काही वजन वाढवतात. ओलान्झापिनवर माझं वजन दीड वर्षात १४ किलो वाढलं. साखर काठावर आली. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं आधी जातात, आणि त्यांतले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात. लोकांना वाटतं आम्ही आमच्या डोक्यामुळे मरतो. पुष्कळदा आम्ही पोटाच्या घेरामुळे मरतो. इंग्लंडमध्ये २०१४ साली बायपोलरच्या उपचारांसाठी ज्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत आहार आणि व्यायामाचा एकत्रित कार्यक्रम रुग्णाला देऊ करावा असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तिथे तो उपचाराचा भाग आहे. इथे आमच्याकडून लिहून घेतात की आजार असेल तर मैदानात येणार नाही.

दुसरं कारण वेळेचं. या आजारात झोपेची आणि जागेपणाची घडी विस्कटली की मन विस्कटतं. अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर एक पूर्ण उपचारपद्धती बसवली. तिचा गाभा आपल्या आजीला समजेल इतका सोपा आहे : रोज त्याच वेळी उठा, त्याच वेळी पहिलं माणूस भेटू दे, त्याच वेळी जेवा, त्याच वेळी झोपा. माझ्या डॉक्टरांनी मला हे २०१३ मध्ये सांगितलं. मी विचारलं, पहिलं माणूस म्हणजे? बायको चालेल? ते हसले, म्हणाले, घराबाहेरचं बघा.

ते माणूस मला तुमच्या मैदानावर भेटलं.

एक निवृत्त पी.टी.चे सर. त्यांच्या मुलाला हाच आजार होता. सर रोज सव्वासहाला मैदानाच्या पूर्वेच्या फाटकापाशी उभे असत, अजूनही असतात. आधी आम्ही तिघं होतो, डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावर ओळख झालेले. मग एकेक करत आता अकरा जण. त्यांत पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एक मावशी आहेत, एक इंजिनियर, एक रिक्षावाला, एक कॉलेजातली मुलगी आणि तिच्यासोबत येणारी तिची आई. सगळ्यांना बायपोलर नाही, दोघांना दुसरं काही आहे, आणि आईला फक्त काळजी आहे.

सरांचा नियम एकच. कमीत कमी एक फेरी, जास्तीत जास्त आठ.

खालची अट सगळ्यांना कळते. नैराश्यात असताना बूट घालणं हेच एवरेस्ट असतं, तेव्हा एक फेरी म्हणजे ४०० मीटर चाललं की त्या दिवसाचं काम झालं, सर पाठीवर हात ठेवतात आणि घरी जा म्हणतात. वरची अट बाहेरच्यांना कळत नाही. जिममध्ये, पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये, मोबाईलमधल्या पावलं मोजणाऱ्या त्या ॲपमध्ये, कुठेही 'आता बास' म्हणणारं कुणी नसतं. तिथे सगळे 'अजून एक' म्हणतात. आमच्या आजाराला 'आता बास' म्हणणारा माणूस लागतो. मागच्या फेब्रुवारीत आमच्यातला एक जण आठव्या फेरीनंतर थांबेना. नववी, दहावी, बारावी. पळता पळता जोरजोरात बोलत होता, नवा धंदा काढायचा म्हणत होता. सर त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले. त्याच दिवशी त्याच्या बायकोला फोन गेला, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं, गोळीचा डोस बदलला. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं नाही. घरच्यांना जे अजून आठ दिवसांनी कळलं असतं, ते मैदानाला फेऱ्यांच्या मोजणीत कळलं.

आणि कुणी तीन दिवस आलं नाही की फोन जातो. एवढंच. याला तुमच्या भाषेत 'सामाजिक आधार यंत्रणा' म्हणत असतील. पालिकेचा एक रुपयाही खर्च न होता ती दहा वर्षं चालली.

आता तक्रारी.

पहिली, सातव्या मुद्द्याची. मी अर्ज भरला आणि त्या मुद्द्यापुढे खरं ते लिहिलं : 'बायपोलर, नियमित उपचार चालू.' खिडकीवरच्या भाऊंनी ते मोठ्याने वाचलं. रांगेत माझी दोन गिऱ्हाइकं होती. मग भाऊ आवाज खाली आणून म्हणाले, "काका, असं कुणी लिहितं का? खोडा आणि खाली सही करा, मी पास देतो." त्यांचा हेतू वाईट नव्हता, मला मदतच करायची होती त्यांना. मी नाही म्हटल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले डॉक्टरचं पत्र आणा. मी आणलं. डॉक्टरांनी लिहून दिलं की मी स्थिर आहे आणि रोज चालणं माझ्या प्रकृतीला आवश्यक आहे. ते पत्र परत मिळालं, कारण अर्जासोबत जोडायच्या कागदांच्या यादीत 'डॉक्टरचं पत्र' नाही.

आमच्यातल्या सात जणांनी खोटी सही करून पास घेतला. मी त्यांना दोष देत नाही, मैदान त्यांना हवं होतं. पण नियम कसा चालला बघा : खोटं लिहिणारा आत, खरं लिहिणारा बाहेर. आणि आत गेलेल्यांच्या डोक्यावर टांगती तलवार, की कुणी चुगली केली तर पास रद्द. त्यातली कॉलेजची मुलगी आता गेटवर सरांना ओळखही देत नाही. घोळक्यात दिसलो तर कळेल, अशी भीती.

हा मुद्दा आला कुठून, ते मी तुम्हाला सांगू शकतो. हे माझ्या धंद्यातलं आहे. नव्या अर्जाच्या डाव्या कडेला सातव्या ओळीपाशी एक बारीक तिरकी रेघ आहे, आणि 'संसर्गजन्य' मधल्या 'र्ग'चा रफार अर्धा उडालाय. तीच रेघ, तोच उडालेला रफार तुमच्या पोहण्याच्या तलावाच्या जुन्या अर्जावर आहे. तो अर्जही मीच काढत आलोय. तलावाच्या अर्जाचं डोकं पांढऱ्या कागदाने झाकून, 'तलाव' च्या जागी 'मैदान' चिकटवून हा नवा अर्ज तयार झाला. म्हणून तर चालायच्या पट्टीवर त्वचारोग आडवा आला! आमच्यासारख्यांना मैदानाबाहेर ठेवायचं असं कुणी बसून ठरवलं नाही, हे मला पटतं. कुणी बसलंच नाही. कागदाची कॉपी झाली, तिच्याबरोबर एक जुनी भीतीही कॉपी झाली. आणि पाचशे प्रती मी काढल्या, त्याची लाज मला वाटते.

(तलावाच्या अर्जातही तो मुद्दा असा सरसकट असू नये, पण तो विषय दुसऱ्या पत्राचा. आणि फिट्सवाल्यांनी जमिनीवर चालायचं नाही हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं, तेही विचारायला हवं.)

कायद्याचंही सांगतो, कारण कायद्याच्या पुस्तकांच्या प्रतीही माझ्याकडेच निघतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या अनुसूचीत मानसिक आजार आहे. कलम ३ म्हणतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, आणि करायचाच असेल तर त्यामागे रास्त हेतू आहे आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात आहे, हे दाखवावं लागेल. ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला आरक्षणासारख्या गोष्टींना लागतो, कलम ३ ला नाही. कलम ३० खेळांतल्या सहभागाबद्दल आहे. दुसरा कायदा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. योगायोग असा की त्यातलंही कलम ३० च आमच्या कामाचं : मानसिक आजाराचा कलंक कमी करण्यासाठी सरकारने जनजागृती करावी आणि सरकारी अधिकाऱ्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं. त्याच कायद्याचं कलम २३ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचं आहे. ते मुख्यतः दवाखान्यांना लागू आहे हे मला कळतं, पण ज्या देशात डॉक्टरने माझी माहिती फोडायची नाही, तिथे पासाच्या खिडकीवर ती मोठ्याने वाचली जावी, हे बरं दिसत नाही.

कुणी म्हणेल, हे सुरक्षेसाठी आहे. मैदानावर एखाद्याने काही केलं तर जबाबदारी कुणाची? प्रश्न विचारायला हरकत नाही. गेल्या दहा वर्षांत आमच्या अकरांपैकी कुणी मैदानावर कुणाला इजा केली असेल तर नोंद दाखवा. मैदानावर झालेली शेवटची मारामारी क्रिकेटच्या नो-बॉलवरून झाली होती, आणि त्या दोन्ही संघांना कुठलाही मानसिक आजार नव्हता.

दुसरी तक्रार वेळेची. ही माझ्या मते पहिल्याइतकीच मोठी आहे, पण ती कुणाला भेदभाव वाटत नाही. सकाळी सहा ते साडेआठ मैदान आता एका खाजगी क्रीडा अकादमीला दिलंय. बाकी लोकांना नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते सात. अकादमीतली पोरं गुणी आहेत, त्यांच्याशी आमचं भांडण नाही. पण नऊला माझं दुकान उघडतं, मावशींच्या पोळ्या त्याआधी डब्यात जाव्या लागतात, रिक्षा स्टँडला लागलेली असते. नऊ ते अकरा मैदानावर कोण जाऊ शकतं, तर ज्याला काम नाही तो. आमच्या आजारात काम टिकवणं हेच अर्धं बरं होणं असतं.

तुमच्या विभागातल्या एका साहेबांनी सुचवलं, "मग पाचला या, साडेपाचपर्यंत उरका." त्यांनी आपुलकीने सुचवलं, पण हे ऐकून माझे डॉक्टर घाबरले. आमच्यातले बरेच जण रात्री झोप आणणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांचा अंमल पहाटे उतरलेला नसतो. आणि व्यायामासाठी झोप कापायची हे निरोगी माणसाला चालून जात असेल, आम्हाला नाही. बायपोलरमध्ये झोप कमी होणं हे उन्मादाचं लक्षणही असतं आणि कारणही. २००९ मध्ये मी पहाटे तीनला उठत होतो, ते आठवा.

नऊनंतरच्या उन्हाचाही मुद्दा आहे, तो तिसऱ्या तक्रारीत येतो.

तिसरी, पाणी आणि मुतारी. पूर्वेच्या फाटकापाशी पाण्याची टाकी आहे, तिला गेलं वर्षभर नळ नाही. मुतारीला कुलूप आहे आणि किल्ली 'ठेकेदाराकडे' आहे. हे सगळ्यांनाच गैरसोयीचं, मान्य. पण आमच्यातले सहा जण लिथियम या औषधावर आहेत. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरने त्याचा उपयोग दाखवून दिला, आणि आजही या आजारात त्याच्या तोडीची औषधं थोडी आहेत. लिथियम हा एक क्षार. शरीरातून तो मूत्रपिंडावाटे जातो. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, आणि मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. रक्तातली त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० (मिलिमोल प्रति लिटर) च्या मध्ये असावी लागते. १.५ च्या वर गेली की विषबाधेच्या वाटेला लागतो. हात थरथरतात, उलट्या होतात, चाल लटपटते, जीभ जड होते. गेटवरच्या माणसाला वाटेल हा पिऊन आलाय. एप्रिलमधल्या सकाळी दहाच्या उन्हात, घाम गाळत, पाण्याच्या टाकीला नळ नसताना चालायचं, म्हणजे काय ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. लिथियमनं तहानही फार लागते आणि लघवीलाही सारखी लागते. पुरुष भिंत शोधतात. मावशी आणि ती मुलगी काय करतात, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मावशींनी मैदानावर असताना पाणीच प्यायचं सोडलं होतं, एवढं सरांच्या लक्षात आलं.

जाता जाता एक, जे लिथियमवर आहेत आणि हे वाचतायत त्यांच्यासाठी. गुडघा दुखला म्हणून मैदानावर कुणी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी पुढे केली तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. त्यानेही पातळी चढते. जिममधल्या व्यायामाआधीच्या पावडरीत कॅफीन भरपूर असतं, ती तर नकोच.

चौथी, पैशांची. महिन्याला दोनशे रुपये पास. रिक्षावाल्याला आणि मावशींना ते जड आहेत. चालण्याला पास लावू नये एवढंच म्हणतो.

पाचवी मी लिहिणार नव्हतो. गेटवरचा रक्षक आम्हाला 'मेंटल पार्टी' म्हणतो. तो ठेक्यावर आहे, बारा तास उभा असतो, आणि त्याला कुणी काही शिकवलेलं नाही. त्याच्यावर कारवाई करू नका, ही विनंती समजा. त्याला शिकवा. मुळात त्याच्या वरच्यांना शिकवा.

तुम्हाला वाटेल, अकरा जणांसाठी एवढं मोठं पत्र? २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, बारा राज्यं होती. पण त्यांचा आकडा धरला तर दर हजार प्रौढांत साधारण पाच जणांना आयुष्यात कधी ना कधी हा आजार होतो, आणि त्यांतल्या १० पैकी ७ जणांना उपचार मिळत नाहीत. आपल्या शहरात चार लाख प्रौढ धरा. दोन हजार झाले. त्यांतले काही तुमच्याच इमारतीत बसत असणार. मला त्यांतले दोघं माहीत आहेत, कारण ते त्यांच्या प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स माझ्याकडे काढतात, संध्याकाळी साडेसहानंतर, दुकानात कुणी नसताना.

मैदानाच्या फाटकावर 'फिट इंडिया'चा फलक आहे. २०१९ मध्ये ही चळवळ सुरू झाली तेव्हा लावलेला नाही, नंतरचा आहे, 'फिटनेस का डोस, आधा घंटा रोज'. डोस हा शब्द कुणी घातला माहीत नाही, पण बरोबर घातलाय. आमचा तो डोस सव्वासहाचा होता.

मागण्या सरळ आहेत :

सातवा मुद्दा अर्जातून काढून टाका. आजवर जमा झालेल्या अर्जांवर कुणी आजाराची माहिती लिहिली असेल तर ते अर्ज ज्याचे त्याला परत करा, फायलीत ठेवू नका.

सकाळी सहा ते साडेआठ मैदानाची बाहेरची पट्टी चालणाऱ्यांसाठी खुली ठेवा. आतलं मैदान अकादमीला राहू दे. दोरी बांधा, फलक लावा, आम्ही दोरीच्या बाहेर राहू. अकादमीच्या प्रशिक्षकांशी सर बोललेत, त्यांची हरकत नाही.

टाकीला नळ लावा आणि मुतारीचं कुलूप काढा. यासाठी ठरावही लागू नये.

चालण्यासाठीचा पास रद्द करा.

मैदानावरचे रक्षक, प्रशिक्षक आणि पासाच्या खिडकीवरचे कर्मचारी यांना वर्षातून एकदा, अर्धा दिवस, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाकडून माहिती द्या. फाटकावर फिट इंडियाच्या फलकाशेजारी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहा. तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि या पत्राला लेखी उत्तर द्या. भेटायला बोलावलंत तर येईन, पण उत्तर कागदावर हवं.

पत्राखाली माझं नाव नाही. तुम्हाला मी कोण ते कळणारच आहे, खिडकीतून दिसतो. नाव घातलं की बाकीचे दहा कोण, याचा शोध लोक लावतील, म्हणून नाही घातलं.

कळावे,
पालिकेसमोरचा झेरॉक्सवाला

ता. क. त्या अर्जाची मूळ प्रत अजून माझ्याकडेच आहे, शिपाई परत न्यायला विसरला. सातवा मुद्दा काढलेली नवी प्रत पाठवलीत तर पहिल्या पाचशे कॉप्या मी फुकट काढून देईन. मुद्दा काढल्यावर आठव्याला सात नंबर द्यायला विसरू नका, नाहीतर लोक विचारत बसतील की मधलं काय गेलं.